थोरली, मधली, धाकटी आणि मी

आमच्या गाडीत माझ्याखेरीज आणखी तीन बायका बोलतात. पहिली गाडीबरोबरच आली, समोरच्या पडद्यात कारखान्यातूनच बसवून पाठवलेली. जावईबापू गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहेत. त्यांनी तिचे इतके गोडवे गायले की मला वाटलं, हे गाडी विकतायत की स्थळ आणलंय. दुसरी लेकीने माझ्या फोनमध्ये घातली. "आई, गाडीतला नकाशा शिळा होतो, फोनमधला रोज ताजा असतो," असं म्हणत तिने काचेजवळ फोनचं स्टँडही चिकटवून दिलं. तिसरी आमच्या ह्यांची लाडकी. रस्ता सांगणारा तळहाताएवढा डबा, जुन्या गाडीत बारा वर्षं बसवलेला. गाडी विकली, पण डबा ह्यांनी काढून आणला आणि नव्या गाडीत लावला. मी त्यांची नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी वयाने सगळ्यांत मोठी, पण अंगाने एवढीशी. तीन सुना एका घरात, आणि एकीचं दुसरीशी पटेल तर शपथ.

सासू अर्थातच मी. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. रस्त्यांचे नाहीत, रस्त्यांखालच्या पाइपांचे. कोणत्या गल्लीखाली किती इंची पाइप आहे, तो कधी टाकला आणि कधी बदलायला झाला, हे मला निवृत्त झाल्यावरही तोंडपाठ आहे. म्हणून आमच्याकडे हे गाडी चालवायचे आणि मी रस्ता चालवायचे. डावं-उजवं आम्ही कधी म्हटलंच नाही. स्टिअरिंग उजवीकडे, तिथे हे बसायचे, म्हणून उजवीकडे वळायचं तर मी म्हणायचे "तुमच्याकडे", आणि डावीकडे वळायचं तर "माझ्याकडे". इतक्या वर्षांत एकदाही चुकामूक झाली नाही. गाडी मलाही येत होती, हातही साफ होता. पण मी चालवली तर रस्ता कोण सांगणार?

त्या दिवशी हे दुकानातून अकरालाच घरी आले. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. चपला काढता काढता म्हणाले, "उजव्या डोळ्यात खालून काहीतरी वर चढतंय. काळं. पडद्यासारखं." असं म्हणाले, जसं एखादं गिऱ्हाईक सांगतं की काटा जरा अडकतोय. चाळीस वर्षं ह्यांनी भिंग लावलंय ते त्याच डोळ्याला. डावा डोळा रस्ता बघतो, पेपर वाचतो, पण केसाएवढ्या स्प्रिंगचं काम त्याला कधी जमलंच नाही. उजवा गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर ह्यांचं काय उरलं असतं ते मला विचारू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बरंच काही तपासलं, एक-दोन फोन केले. सगळं होईपर्यंत अडीच वाजले. "डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय," त्या म्हणाल्या. "मधला भाग अजून चिकटून आहे. तो सुटला तर बारीक काम विसरा. ऑपरेशन आजच व्हायला हवं. शहराच्या त्या टोकाला मोठं नेत्ररुग्णालय आहे. तिथले सर्जन चारपर्यंत तुमची वाट बघतील, नाहीतर निघतील आणि मग दोन दिवस नाहीत. ह्यांना पाणीही देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, गाडीत धक्के बसता कामा नयेत."

"टॅक्सी बोलवूया," हे म्हणाले.

"टॅक्सीवाल्याला खड्डा दिसतो, खड्ड्याखालचं दिसत नाही," मी म्हटलं. "मी चालवते."

ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मी सीट पुढे घेतली, आरसे जुळवले आणि मान मागे टेकवायला ह्यांना माझी शाल गुंडाळून दिली. धाकटी पहिल्या मिनिटापासून "दुकान, चार किलोमीटर" असं घोकत होती. तिला उपटून समोरच्या कप्प्यात टाकलं.

"अगं, हळू," हे म्हणाले.

"तिला काही होत नाही. तुम्ही डोळे मिटा."

थोरली आणि मधली दोघींनी जुन्या बाजारातला रस्ता सांगितला. जवळचा होता, नाही असं नाही. पण त्याच्याखालचा पाइप पन्नास वर्षांचा. गेल्या वर्षी तो बदलायला घेतला आणि चर बुजवले नुसत्या खडीने. वरून काळं दिसतं, चाक गेलं की दात वाजतात. मी गेले कालव्याच्या कडेने. तिथे खाली पाइपच नाही, कारण खाली खडक आहे. ज्या रस्त्याखाली पाइप नाही तो कोणी खणत नाही, आणि जो कोणी खणत नाही तो तळहातासारखा राहतो. मधली दर मिनिटाला परत फिरायला सांगत होती. मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हे कबूल करते. आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पाण्याच्या टाकीच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. मी सवयीने मोठ्याने म्हटलं, "आता तुमच्याकडे," आणि हे जिकडे बसले होते तिकडे सरळ गाडी घातली. म्हणजे डावीकडे.

ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "तुमच्याकडे म्हणजे उजवीकडे ना?"

"हो."

"मग गाडी डावीकडे का गेली?"

"कारण तुम्ही आज डावीकडे बसलायत," मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजाची मला चीड आली.

तो रस्ता सरळ डोंगराखालच्या बोगद्यात शिरत होता. एकेरी, तीन किलोमीटर लांब, मागे फिरायची सोय नाही. दिव्यांच्या दोन पिवळ्या रांगा तेवढ्या दिसत होत्या. इथे माझी विद्या संपली. हा बोगदा मी निवृत्त झाल्यावर झाला आणि त्याच्याखालून पाण्याचा थेंबही जात नाही. पुढे त्याला दोन फाटे फुटतात एवढं ऐकून होते. कोणता कुठे निघतो ते माहीत नव्हतं. मधलीकडे बघितलं तर तिने मान टाकली होती. बोगद्यात नेटवर्क नाही, उपग्रह दिसत नाही, तिचा बाण बाहेरच्या चौकातच उभा. आपल्या हुशारीपायी मी ह्यांचा डोळा घालवणार, असं मला त्या वेळी स्पष्ट वाटलं.

आणि थोरली शांतपणे म्हणाली, "आठशे मीटरनंतर उजव्या फाट्यावर राहा."

तेव्हा मला जावईबापूंचं एक वाक्य आठवलं. मी ते लसूण सोलता सोलता अर्धवट ऐकलं होतं. ती गाडीचाच भाग आहे, उपग्रह गेला तरी चाकं किती फिरली ते मोजून आपण कुठे आहोत हे ठरवते. मी तिचं ऐकलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून ऐकलं, पण ऐकलं. उजवा फाटा घेतला, आणि उजेडात आलो तेव्हा रुग्णालयाच्या दिशेची पाटी समोर होती. थोरलीबद्दल मी आजवर जे जे बोलले होते त्यातलं निम्मं तिथल्या तिथे मागे घेतलं.

बाहेर येताच मधलीही जागी झाली. तिच्याकडे ताजी बातमी होती. मोठ्या रस्त्याने गेलात तर चार वाजून नऊ मिनिटं, गोदामांच्या मागच्या रस्त्याने तीन बावन्न. तिचं खोटं नव्हतं. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग मला समोर दिसतच होती. पण गोदामांचा रस्ता मला ठाऊक होता. त्याच्याखाली दोन पाइप शेजारी शेजारी आहेत आणि दर सहा महिन्यांनी त्यातला एक फुटतो.

मी गाडी बाजूला घेतली. "ऐका," मी ह्यांना म्हटलं. "वेळेत पोचायचं तर धक्के बसतील. धक्के नकोत तर नऊ मिनिटं उशीर होईल. डोळा तुमचा आहे."

"रस्ता तुझा आहे," हे म्हणाले. "तू ठरव."

मी रुग्णालयात फोन लावला. पलीकडच्या नर्सबाईंना म्हटलं, "चारला येणारा पेशंट चार नऊला येतोय. त्याला सावकाश आणतेय म्हणून उशीर होतोय. सर्जनना सांगा, थांबा." "सांगून बघते, आजी," त्या म्हणाल्या. आजी कोणाला म्हणतेस, हे विचारायला वेळ नव्हता. मी मोठ्या रस्त्याच्या रांगेत शिरले. पुढचा अर्धा तास मी इतक्या हळुवार ब्रेक दाबत होते की मागचे हॉर्न वाजवून थकले.

सर्जन आपल्या खोलीच्या दारातच भेटले. अंगात कोट, हातात बॅग, चेहऱ्यावर आठ्या. "चारला यायला सांगितलं होतं," ते भिंतीकडे बोट करत म्हणाले. "सव्वाचार होऊन गेले." तरी त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं, बॅग खाली ठेवली आणि एका हाताने ह्यांचा डावा डोळा झाकला. "आता नुसत्या उजव्याने बघा. समोर काय दिसतंय?"

मी भिंतीला टेकून उभी होते.

ह्यांनी समोर पाहिलं. मग मनगट वर आणून त्यावरच्या घड्याळात पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं. "खालचा भाग काळा आहे," हे म्हणाले. "त्याच्या वर भिंतीवरचं घड्याळ दिसतंय. सहा मिनिटं पुढे आहे ते, डॉक्टर. आम्ही चार दहाला आलोय."

सर्जननी डोळ्यावरचा हात काढला. स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "मिनिटकाटा दिसतोय, म्हणजे मधला भाग अजून शाबूत आहे," ते म्हणाले. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि नर्सबाईंना थिएटर उघडायला सांगितलं.

तेव्हा कुठे मी तिथेच बाकावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले.