झेब्र्याच्या पट्ट्यांतली गाढवीण

मी एक गाढवीण बोलतेय. हसू नका. सरहद्दीवरच्या तिहुआना शहराच्या हमरस्त्यावर मला पाहिलंत, तर तुम्हीही मला झेब्राच म्हणाल. तसं म्हणावं म्हणूनच माझे मालक रेफुहिओ माझ्या पांढऱ्या अंगावर काळे पट्टे ओढतात, बायका केसांना लावतात त्याच कलपाने.

ही रीत त्यांच्या आजोबांपासूनची. तेव्हा फोटो काळेपांढरे निघायचे आणि पांढरं गाढव त्यात पुसट दिसायचं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून पट्टे निघाले. पुढे फोटो रंगीत झाले, पट्टे मात्र आमच्या अंगावर राहिले ते राहिलेच.

मी जन्मले डोंगराकडच्या एका खेड्यात. आईमागे मक्याची धाटं चघळत हिंडायचे. इथे आले आणि निवडुंग रंगवलेल्या गाडीला जुंपली गेले. जुंपली म्हणजे नुसती उभी केली. गाडी कुठे जातच नाही. सरहद्दीपलीकडचे पाहुणे येतात, परातीएवढ्या टोप्या डोक्यावर चढवतात, आरोळ्या ठोकतात आणि फोटो काढून जातात. आमच्या शहरात तसली टोपी घालून कुणी दूध आणायलासुद्धा जात नाही. पण पाहुण्यांना आम्ही तसेच हवे असतो. मला त्यांचा फार राग यायचा.

मालकांची लेक नेवेस नाताळाआधी गल्लीतून मिरवणूक काढते. देवाची आई मरिया झालेली पोर गाढवावर बसते, तिचा नवरा होसे झालेला पोरगा पुढे चालतो, आणि दारोदार गाऊन रात्रीपुरता आसरा मागायचा. गेल्या वर्षी ती बापाला म्हणाली, "बाबा, यंदा हिला नेऊ. पण पट्टे नकोत हं. देवाची आई काय सर्कशीत निघालीय?"

"ऐन हंगामात? आणि तोवर खायचं काय, तुझी गाणी?" रेफुहिओ कुरकुरले. पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नाही. रंगलेले केस त्यांनी कातरून टाकले. मी परसात मोकळी उभी राहू लागले. पाठीवर ऊन पडायचं आणि मला आईची आठवण यायची. मरियाला पाठीवर घ्यायचं, तेही माझ्या खऱ्या अंगाने! त्या दिवसांत मी खरंच सुखी होते.

मिरवणुकीच्या संध्याकाळी नेवेसने मला गल्लीत आणलं. सगळे मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले.

"ही कोण गं?" मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाल विकणाऱ्या चायोमावशीने विचारलं. "आपली झेब्री कुठाय?"

"हीच ती, मावशी."

"छे बाई! हे तर कुठलंही गाढव झालं."

मरिया झालेली इत्सेल रडायलाच लागली. "मला हिच्यावर नाही बसायचं. मला आपली पाहिजे!"

"अहो, बेथलेहेमात काय झेब्रे होते?" नेवेस चिडली.

"बेथलेहेमात नसतील, तिहुआनात आहेत ना!" कुणीतरी ओरडलं आणि गल्ली खदखदून हसली. नेवेसने बापाकडे पाहिलं. रेफुहिओ घरात गेले आणि कलपाची वाटी घेऊन आले.

इतकी वर्षं मी पाहुण्यांना बोल लावत होते. त्या संध्याकाळी गल्लीत एकही पाहुणा नव्हता.

मला दुगाण्या झाडता आल्या असत्या. दावं सैल होतं. पण ब्रश दिसला आणि मी मुकाट मान पुढे केली, पोट आत ओढून स्तब्ध उभी राहिले. कुणी सांगायलाही लागलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

ओल्या पट्ट्यांवर इत्सेल हसत बसली. तिचा निळा झगा काळा झाला, तरी तिला त्याचं काही नव्हतं. दोन दारांनी आम्हाला परतवलं, तिसरं उघडलं. सगळे आत गेले, गरम पेयाचा वास बाहेर आला. मला कुंपणाला बांधलं होतं.

थोड्या वेळाने नेवेस बाहेर आली. माझ्या मानेला बिलगून हुंदका देत म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की. मी कुणाचं ऐकणार नाही बघ."

नको गं पोरी. पुन्हा माझे केस कातरू नकोस. माझ्याच माणसांपुढे उघड्या अंगाने उभं राहायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही.