उपरण्याखालचं उत्तर

रविवारच्या पुरवणीत येणारी कोडी मी तयार करते. सांकेतिक शब्द, अक्षरांची अदलाबदल, एक खरं बोलणारा भाऊ आणि एक खोटं बोलणारा. लोकांच्या डोक्याला ताप देण्याचाच मला पगार मिळतो. यंदा मात्र माझंच डोकं बंद पडलं. आप्पांना अर्धांगवायू झाला, ते दवाखान्यात असतानाच आई अचानक गेली, आणि दहाव्याला मी चहाला साखर पुरेल का एवढाच विचार करत होते. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

आप्पांना मी सांगितलं नाही. त्यांची वाचा गेली होती. "दोन आणि एक किती? बोटं दाखवा," असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आप्पांनी चांगला हातही पांघरुणात ओढून घेतला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजत नाहीये. तरी कोडी घालत राहा." ज्याला समजत नाही त्याला काय सांगायचं? "आई सटाण्याला मावशीकडे गेलीय," असं मी रोज म्हणायचे आणि कोडी घालायला बसायचे. "बोटं दाखवा, आप्पा." आप्पा छताकडे बघत राहायचे.

एका दुपारी हिरामणकाका आले. घोटीच्या बैलबाजारात दोघांनी जन्मभर बरोबरीनं दलाली केलेली. माझी कोडी त्यांनी थोडा वेळ ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, दलालाला उघड्यावर बोटं दाखवायला सांगतीस व्हय? मेला तरी दाखवायचा नाय तो."

बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नसतो. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. काकांनी खांद्यावरचं उपरणं आप्पांच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात सरकवला.

"रावजी, बैलाला पाय किती?" क्षणभर थांबून काका हसले. "चार म्हनतोय. लय शुद्धीत हाय गं तुझा बाप. घे, तू विचार."

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. समजतंय म्हणजे आता सांगावं लागणार. मी उपरण्याखाली हात घातला आणि सुचलं ते विचारलं.

"आप्पा, आपल्या घरात माणसं किती?"

आप्पा, आई आणि मी. पहिलीतलं पोरही सोडवेल असं कोडं. ते तीन म्हणतील, मग मी कसंबसं सांगेन, असं ठरवलं होतं.

त्यांनी माझी दोन बोटं दाबली.

"नीट मोजा, आप्पा."

पुन्हा दोनच, जरा जोरात. आई त्यांना एकटं टाकून एक रात्रही कुठे राहिली नव्हती. माझ्या सटाण्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवलाच नसणार.

मी तिसऱ्या बोटाची वाट बघत राहिले. मग मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. काका उठून खिडकीशी गेले. उपरण्याखाली आप्पांनी माझी दोन्ही बोटं धरून ठेवली होती.