साच्यांच्या बदली दार

बाभळीचं दार. एका फळीतली गाठ निखळून पडली होती. त्या भोकातून सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत यायचं.

कंपनीत प्रेसखाली पत्रा सारायचा आणि हात मागं घ्यायचा. पाळीला दोन हजार वेळा. एक हजार नऊशे नव्याण्णव वेळा हात मागं येतो.

शिमग्याला लाकूड चोरलं तर चोर म्हणत नाहीत. ढिगावर पडलं की ते होळीचं.

पाकाला तार आली का, हे अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला कळतं. डोळ्याला कळत नाही.

"दुर्गे, चाकोलीला भोक मधोमध पाड की गं. होळीबाई काय काणी हाय व्हय?" आजी नातीला म्हणते. नात होळीच्या माळेला शेणाच्या चकत्या थापतेय, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात.

हे सगळं एकाच घरातलं. चिखलीत, आमच्या आळीत, जयसिंगाच्या घरातलं. साल पंचाहत्तर.

शिमगा ते पाडवा हे पंधरा दिवस त्या घरात साखरेच्या गाठी व्हायच्या. गुढीला बांधायच्या, पोरांच्या गळ्यात घालायच्या. सागवानी साच्यात दोरा ठेवायचा, वरून उकळता पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. पांढऱ्या पदकांची माळ हातात. दोरा ओवायचा बायकांनी, पाक बघायचा पुरुषानं. जयसिंगाच्या बापापासूनची रीत. बाकीचं वर्ष जयसिंग कंपनीत प्रेसवर असायचा, गाठींपुरती रजा काढायचा.

पौषात त्याचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं प्रेसखाली गेली. कंपनीनं सांगितलं, बरा होऊन ये. बरा होऊन गेला तेव्हा गेटवरच्या माणसानं त्याला ओळखलं नाही.

तर आता घरात चार तोंडं, एक पोतं साखर आणि पंधरा दिवस.

होळीच्या दुपारी मंजुळाबाई, म्हणजे जयसिंगाची बायको, साचे भिजत घालायला उठली. कोरड्या लाकडाला पाक चिकटतो, म्हणून आदल्या दिवशी भिजवायचे. आढ्याला हात घातला तर नुसती खुंटी.

"आत्याबाई, साचे कुटंयत?"

"आढ्याला," सासू चिमाबाई म्हणाली.

"आढ्याला न्हाईत."

जयसिंग भिंतीकडं तोंड करून बसला होता. "पोरांनी न्हेले आसतील. शिमगा हाय."

मंजुळाबाई अनवाणीच देवळापुढं गेली. उन्हानं फुफाटा तव्यासारखा तापलेला. ढिगापाशी काठी घेऊन साहेबरावनाना बसले होते. होळीची राखण दरवर्षी त्यांच्याकडं. ढिगात एरंड, मोडका नांगर, कुणाच्या तरी बाजेचा पाय. आणि तळाशी साचे. चारही. एकावर एक नीट रचून सुतळीनं बांधलेले.

पोरं असं बांधत नाहीत. ती वाकली. सुतळीच्या गाठीचं टोक चघळलेलं होतं, अजून ओलसर. दोन महिने ती बघत होती: लेंग्याची नाडी, दुर्गीच्या पाटीची दोरी, सगळं जयसिंग एक टोक दातात धरून बांधायचा.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"नाना, हे कोनी आनून टाकलं?"

"शिमग्यात नाव इचारू न्हये, पोरी."

"मला ठावं हाय."

"मग इचारती कशापायी?"

"काढून न्हेऊ का?"

"आता ते होळीचं झालं." नाना काठीनं जमिनीवर रेघ मारत म्हणाले, "एक वाट हाय. वजनाला वजन. लाकडाला लाकूड. पर घरातलं पायजे, रानातलं आनलेलं चालायचं न्हाई. आन् दिवस बुडायच्या आत."

ती घरी आली ती सरळ जयसिंगापुढं उभी राहिली.

"साचे तुमीच दिले."

त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"बोला की! जीभ तर न्हाई ना गेली प्रेसखाली?"

"काय करायचेत साचे?" तो एकदम वळला. उजवा पंजा तिच्या तोंडापुढं धरला, त्यावर उरलेली दोन बोटं. "पाक कोन बगनार? ह्ये? रोज आढ्याला लटकून माज्याकडं बगत बसायचे. जळू द्या म्हनलं."

"माजी धा हायती."

"बाईचा हात लागला तर साखर बसत न्हाई. आबा म्हनायचे."

"म्हनायचा तुजा आबा," चिमाबाई चुलीपासनं बोलली. "आन् ज्या साली त्यो तापानं आडवा पडला, त्या साली गाठी भुतानं केल्या व्हय रं? मी बगत व्हते पाक. ह्ये दार लावून."

जयसिंग आईकडं वळला.

"आई, कधी बोलली न्हाईस."

"तुज्या बापानंच सांगितलं व्हतं, बोलू नगंस."

मंजुळाबाईनं नानांची अट सांगितली आणि घरभर नजर फिरवली. पाट हलका. मुसळ एकटं कितीसं भरणार? मग तिघांनीही एकदमच दाराकडं बघितलं.

बिजागरीचे खिळे तिनं विळ्यानं उपसले. दार डोक्यावर घेऊन निघाली. मान पोटात गेल्यागत वाटत होती. चार घरं ओलांडली आणि मागचं ओझं एकाएकी हलकं झालं. वळून बघता येत नव्हतं. डाव्या हातानं मागची कड उचलणाऱ्या जयसिंगाचा धाप लागलेला श्वास तिनं ओळखला.

पोरांना तर सोंगच सापडलं. "जयसिंगाच्या दाराच्या नावानं बोंबा रं बोंबा!" सगळी आळी बोंबलायला लागली. दार ढिगावर टाकलं तसा जयसिंगानंही तोंडाशी हात नेला. उजवाच गेला, सवयीनं. दोन बोटांच्या हाताची बोंब तुटक, फटीफटीतून निसटल्यागत आली.

नानांनी साचे काढून दिले. वजन केलं नाही.

दार छान जळालं. बाभळीचा विस्तव सकाळपर्यंत टिकला. आळीनं त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं.

पहिला घाणा कडक झाला, साच्यातच तडकला. दुसरा बसलाच नाही. मंजुळाबाईच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, त्याच कातडीनं तिनं तिसरा पाक बघितला. जयसिंग शेजारी उकिडवा. "अजून न्हाई... अजून... आता कशी लागती?"

"केसावानी."

"उतरव!"

साचा उघडला. अकरा पदकं शाबूत, बारावं मोडकं. मोडकं दुर्गीनं खाल्लं. पोत्यात साखर निम्मी राहिली होती.

घराला दार नाही, त्यामुळं हे सगळं आळीनं बघितलं. समोरची कुसुमताई उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "बाईच्या हातची गाठ गुढीला चालंल का वं, म्हातारे?"

"गुढीला इचार," चिमाबाई म्हणाली.

कुसुमताईनं काही घेतलं नाही. त्या दिवशी कुणीच घेतलं नाही. मंजुळाबाईनं अंगठ्याला चुना लावला, चौथ्या घाण्याची साखर कढईत ओतली आणि जयसिंगानं चुलीत लाकूड सारलं. सारलं आणि हात झटकन मागं घेतला.

पौषात बोटं गेली त्या दिवशी जयसिंगाची पाळी दुपारी तीनलाच संपली होती. पाचव्या साच्याला सागवान घ्यायचं होतं, म्हणून तो ओव्हरटाइमला थांबला होता.