आचाऱ्याने पाहिलेली दोन बेटं

मी जुना आहे, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. निळा रंग विटलाय, पितळी कडं करकरतं, आणि मी डगमगू नये म्हणून बुडाखाली खोडरबराचा तुकडा सरकवलाय. पण अख्खी पृथ्वी अंगावर घेऊन बसलोय मी. पृथ्वीगोल म्हणतात मला. शाळेच्या भूगोलाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. दोन अर्धी कवचं जोडली, वर प्लास्टरचा हात दिला. मग एका मावशींनी छापील कागदाच्या बारा पाकळ्या, संत्र्याच्या फोडींसारख्या, खळ लावून एकेक करून चिकटवल्या. सकाळी मी नुसता चेंडू होतो, दुपारपर्यंत जग झालो.

आणि शाळेत आल्यावर काय थाट होता म्हणता! बाई मला फिरवायच्या आणि वर्ग आ वासून ऐकायचा. सगळ्यात मोठं वाळवंट कुठलं, असं विचारलं की पोरं सहाराच म्हणणार. बाई मला उलटा करून माझं पांढरं बूड दाखवायच्या. अंटार्क्टिका, कारण तिथे पाऊस-बर्फ इतका कमी पडतो की ते वाळवंटच. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं फुगलेलं दिसायचं. बाई म्हणायच्या, गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की वरखालचे देश ताणले जातात, खरं तर एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलंडं मावतील. मग मी नकाशाकडे असा काही बघायचो! आणि उन्हाळ्यात लोखंड तापून आयफेल टॉवर काही इंच वाढतो, हे ऐकल्यावर एक पोरगा आठवडाभर उन्हात उभा राहून स्वतःची उंची मोजत होता.

मग वर्गात भिंगरी आली. तिचं खरं नाव वेगळं, पण आल्या आल्या तिने मला असं गरागरा फिरवलं की हेच नाव पडलं. तिचे बाबा मालवाहू जहाजावर आचारी. आठ-आठ महिने घरी नाहीत, नुसती पत्रं. एक दिवस तिने बाबांचं पत्र वर्गात सांगितलं. उत्तरेच्या गार समुद्रात, रशिया आणि अमेरिका जिथे नाकाला नाक लावून बसलेत तिथे, त्यांनी दोन बेटं पाहिली होती. मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी. पण एकावर अजून शनिवार असतो आणि दुसऱ्यावर रविवार उजाडलेला असतो. म्हणजे आजच्या बेटावरून उद्याचं बेट दिसतं.

वर्गात हशा पिकला. बाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं, पण त्या हसल्या नाहीत, गोलावर शोधू या म्हणाल्या. मॉनिटरने भिंग आणलं. रशियाचं टोक सापडलं, अमेरिकेचं सापडलं, मध्ये निळं पाणी. भिंतीवरचा नकाशा तर नेमका तिथेच कापलेला, एक देश डाव्या कडेला, दुसरा उजव्या.

"तुझे बाबा आचारी ना," मॉनिटर म्हणाला, "मग तिखटमीठ लावणारच."

सांगायला लाज वाटते, मित्रांनो, पण तेव्हा मीही मॉनिटरच्याच बाजूने होतो. माझ्यावर नाही म्हणजे जगात नाही, इतका तोरा होता मला.

त्यानंतर भिंगरीने मला फिरवलं नाही. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर ती माझ्या शेजारी बसून पत्र लिहायची, दोन ओळी लिहून थांबायची. मी सगळं वाचत होतो. "बाबा, मी लहान आहे म्हणून तुम्ही गोष्टी रचून सांगता का? मग यापुढे फक्त कधी येणार तेवढंच लिहा." पत्र पूर्ण झालं, पाकिटात गेलं, पण पेटीत टाकायचा धीर तिला होईना. ते दप्तरातच राहिलं. आणि मी, कागद आणि प्लास्टरचा गोळा, बापलेकीच्या मध्ये येऊन बसलो होतो.

मग पुस्तकं बांधायला बाइंडिंगवाले काका आले. माझी एक पाकळी कडेला सुटली होती, तेवढी चिकटवा म्हणून बाईंनी मलाही पुढे केलं. भिंगरी फाटकी पुस्तकं आणून ठेवत होती. काकांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि रशिया-अमेरिकेमधल्या पाण्यावर थांबले. ही पाकळी शेजारणीच्या अंगावर चढलीय, म्हणाले. ओला कागद ताणतो, शेवटच्या पाकळीला जागा पुरत नाही. निगुतीने करणारा कड कापतो, घाईतला तशीच दडपतो.

"म्हणून शेवटचा जोड मोकळ्या पाण्यात घेतात," काका म्हणाले. "समुद्रात कोण बघायला जातंय?"

भिंगरीच्या हातातली पुस्तकं खाली आली. "काका, तिच्याखाली काय आहे?"

"असेल निळा रंग."

"बघू या ना."

"कागद फाटला तर बाई मला फाडतील."

बाई दारातच होत्या. "फाटू दे," त्या म्हणाल्या.

काकांनी ओला कापूस ठेवला, मग चिमटीने कड उचलली. मला जी काही आग झाली, विचारू नका. नखाएवढाच कागद वर आला. खाली मोहरीहून बारीक दोन ठिपके होते, आणि बरोबर त्यांच्या मधून वाररेषा गेलेली. या बाजूला एक वार, त्या बाजूला दुसरा.

 भिंगरीने दप्तरातून पाकीट काढलं आणि त्याचे चार तुकडे केले.

मॉनिटर भिंग घेऊन आला, बराच वेळ वाकून बघत राहिला. मग पुटपुटला, "तुझे बाबा कधी येणार?"

"का?"

"अजून काय काय पाहिलंय, विचारायचं होतं."

बाईंनी ती कड परत चिकटवू दिली नाही. मित्रांनो, तेव्हापासून एखादी गोष्ट माझ्यावर सापडली नाही, तर ती सांगणाऱ्याला मी खोटं म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. आणि हात जोडून एक विनंती, मला हात नाहीत तरी. जो येतो तो त्या दोन बेटांवर बोट टेकवतो. हे आज, हे उद्या, असं म्हणतो आणि खूश होऊन जातो. बोटांच्या घामाने आजचं बेट पुसट झालंय. भिंगातून बघा, हवं तेवढा वेळ बघा, पण हात पाठीमागे ठेवा. आजचं बेट पुसलं गेलं, तर उद्याच्या बेटावरून बघायचं काय?