भिंत आत ओढण्याआधी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण मला पत्रा नाही, पंखा नाही, एकही स्क्रू नाही. करी रोडच्या चाळीत भजनी मंडळाची खोली आहे. तिथल्या मोठ्या संगणकाच्या पोटात उन्मेषने मला नऊ वर्षांपूर्वी उभं केलं. हा मंडळात झांज वाजवतो. नोकरी बँकेत, संगणकाचा नाद हौसेचा. असा संगणकातला संगणक म्हणजे आभासी संगणक. त्याने माझ्यात लिनक्स ही कार्यप्रणाली घातली आणि भजनांसाठी पाचशे जीबीचा कप्पा दिला. एवढी ऐसपैस जागा अख्ख्या चाळीत कुणाला नव्हती, म्हणून सुरुवातीला मी जरा शिष्टच होतो.

कॅसेटवरून उतरवलेली, मंडळाचे गायक रघुवीर बुवांची सारी भजनं माझ्याकडेच आहेत. बुवा आता नाहीत. त्यांना पखवाजाची साथ करणारे शामराव दर रविवारी ऐकायला येतात, बाकी कुणी फिरकत नाही. याचं मला वाईट वाटायचं. शेवटच्या भजनात शामरावांचा ठेका चुकला आहे. तेवढं पुसून टाक म्हणून ते कायम उन्मेषच्या मागे लागत.

यंदा मोठा संगणक थकला. नवा आला तो छोटा. माझा कप्पा दोनशे जीबीचा करून मला तिकडे हलवायचं ठरलं.

“भजनं जेमतेम एकशेवीस जीबी,” उन्मेष म्हणाला. “बाकी सगळं रिकामंच आहे काका. तीनशे कापून टाकतो.”

मी पडद्यावर विचारलं, माहिती नष्ट होऊ शकते, नक्की का? पण असे प्रश्न मी नेहमीच विचारतो, म्हणून ते कुणी वाचत नाही. उन्मेषचं बोट ‘हो’च्या कळीवर गेलं.

“थांब रे मेल्या,” शामराव म्हणाले. “आमची खोली पण रिकामी दिसता. सामान सगळा भिंतीक लागान असता. भिंत आत ओढूच्या आधी सामान मधी घेतलंस काय?”

उन्मेषने हात मागे घेतला. “नाही घेतलं काका. फायली कप्पाभर पसरल्यात आणि मी आधी कापायलाच निघालो होतो. बुवा गेले असते.”

“आणि दुसरी कॉपी?”

“ती पण नाही.”

“मग आधी ता कर.”

त्याने आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग माझ्यातल्या फायली एका बाजूला गोळा केल्या, आणि त्यानंतरच कप्पा लहान केला. संध्याकाळी मी नव्या संगणकात जागा झालो. जागा निम्म्याहून कमी, पण मला काही कमी वाटलं नाही. खरं सांगतो, सुखात आहे.

मित्रांनो, आम्हाला खुशाल लहान करा. फक्त आधी एक प्रत ठेवा, आणि आमचा प्रश्न वाचून मगच ‘हो’ म्हणा.

शामरावांनी शेवटचं भजन लावायला सांगितलं. ठेका चुकला, आणि गाता गाता बुवा खळखळून हसले. उन्मेषने विचारलं, “काका, एवढं पुसू आता?”

“हात लावशील तर बघ,” शामराव म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.