निळा का हलेना

दुपारचे दोन वाजले होते आणि माझा निळा रंग भिंतीवर ढिम्म बसून होता. पिवळा, राखाडी, मातकट, सगळे आपापल्या वाटेने सरकत होते. निळ्याला मात्र काही केल्या जाग येईना. उद्या सकाळी अकराला पाहुणे हे बघायला यायचे होते आणि मी सकाळपासून नुसत्या चहावर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी असले उद्योग सुचले की दुसरं काय होणार? पाठीचा पार भुगा झाला होता.

काम सांगायला सोपं आहे. मी कागदावर जलरंगाचे फटकारे मारते, ते कॉम्प्युटरवर घेते, प्रोजेक्टरने भिंतीवर पाडते आणि एकेक रंग दादाच्या व्हायोलिनच्या एकेका आवाजाला बांधते. वरचा सूर आला की पिवळा पसरतो, खालचा आला की निळा. दोन वर्षांपूर्वी दादाने हा तुकडा वाजवला आणि मी तो रेकॉर्ड केला. तेव्हापासून त्या रेकॉर्डिंगवर निळा अख्ख्या भिंतीवर फुगायचा आणि ओसरायचा. मग त्याची बोटं आखडली. व्हायोलिन पेटीत गेलं आणि दादाने स्टुडिओत येणंच सोडलं. "तिथे येऊन मी काय खुर्ची उबवू?" एवढंच म्हणाला होता.

सगळी सेटिंग दहादा उलटीपालटी करून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाजवताना दादाला धाप लागायची. ती माइकवर आदळून घुमायची. लोकांसमोर त्याची शोभा नको, म्हणून गेल्या आठवड्यात मी रेकॉर्डिंगमधून त्याचा एकेक श्वास वेचून काढला होता आणि वर शहाणपणा करून मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं. व्हायोलिनला एवढा खोल आवाज नसतोच, हे मला कळायला हवं होतं. दोन वर्षं माझा निळा दादाच्या दम्यावर हलत होता.

मी दादाच्या घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

"दादाला पाठव. वाजवायचं नाहीये म्हणावं."

"मग काय म्हणून सांगू?"

"मी घोळ घातलाय म्हणून सांग. लगेच निघेल."

चार वाजता दादा आला, काखेत व्हायोलिनची पेटी. कशाला आणलीस म्हटलं, तर म्हणाला, "सवयीने." मी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो भिंतीकडे वळला.

"म्हणजे चाळीस वर्षं मी तारा घासल्या, आणि तुझं चित्र हललं ते माझ्या घुरघुरीवर?"

"हो."

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. मला खूप वाईट वाटत होतं, पण समजूत घालायचंही त्राण नव्हतं.

"नुसता बसून नाही घुरघुरत मी, ढमे," तो म्हणाला. "वाजवतानाच होतं ते."

त्याने पेटी उघडली. व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, कानाला हेडफोन लावला. आखडलेल्या बोटांत गज कसाबसा धरला आणि तारांपासून बोटभर वर ठेवला. मी माइक जवळ सरकवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. हेडफोनमध्ये त्याचंच जुनं वाजवणं सुरू झालं आणि दादा हवेत वाजवू लागला. खोलीत फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. निळा हलला. मग फुगला, पिवळ्याच्या खालून शिरला आणि वरपर्यंत गेला.

सात मिनिटांनी तुकडा संपला. दादाने गज खाली घेतला. पिवळा थांबला, राखाडी थांबला, पण निळा थांबेना. भिंतभर तुटक तुटक हलत राहिला. मी वळून पाहिलं तर दादा मान खाली घालून रडत होता.

मी माइक बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "आणि हे साफ करू नकोस."

मी ते नव्या नावाने सेव्ह केलं. दोनदा.