नाकाड्याच्या पोटातली माणसं

मी अकाबाहून लेकीचं बाळंतपण उरकून परत आले, तर आमची अख्खी वस्ती नाकाड्या कड्यासमोर वाळूत बसलेली, आणि प्रत्येकाने डोक्याचा रुमाल तोंडावरून खाली ओढलेला. बाया, बाप्ये, चळाचळा कापणारे म्हातारे, सगळे. नुकतंच अंधारून आलं होतं. मला वाटलं कोणी तरी मेलं. तसं नव्हतं. हरवलेल्याला बघायला जमले होते.

मधोमध तीन पायांवर कॅमेरा, आणि त्याच्यामागे एक दाढी विंचरलेला शहरी माणूस. बद्रान नाव. आवाज मधात बुडवून काढलेला.

"डोळे उघडू नका भावांनो. जिनाला माणसाची नजर चावते. कॅमेऱ्याला नजर नसते, म्हणून कॅमेऱ्यापुढे तो लाजत नाही. मी कोण? मी बटण दाबणारा गरीब माणूस. दाखवतो तो कडा."

मग खट् असा आवाज झाला. बद्रान म्हणाला, "उघडा." सगळे उठून त्या कॅमेऱ्याच्या मागच्या, चित्र दिसणाऱ्या काचेवर मुंग्यांसारखे चिकटले. मीही कोपराने वाट काढत पुढे गेले.

काचेत नाकाड्या होता, वर चांदण्यांचा नुसता खच. आणि पायथ्याच्या उंचवट्यावर एक माणूस उभा होता. तोंड धूसर, अंगावर लाल पट्ट्यांचा अंगरखा. त्याच्या छातीतून पलीकडच्या चांदण्या दिसत होत्या.

"माझा सुवेलिम," माझी जाऊ फल्हा म्हणाली आणि तिने त्या काचेचा मुका घेतला. "बघा ना बाई, माझ्याच हातचा अंगरखा आहे."

सुवेलिम तिचा एकुलता एक. "तिथे काय करतोय तो?" मी विचारलं.

तेव्हा मला कळलं ते असं. सुवेलिम परवा भरकटलेली सांडणी शोधायला दक्षिणेच्या वाळूत गेला, पाण्याचा एक डबा घेऊन. सांडणी एकटीच परत आली. काल सकाळी पुरुष माग काढायला निघाले, आणि बद्रानने त्यांना अडवलं. म्हणाला, तो हरवलेला नाही, जिनांनी त्याला नाकाड्याच्या पोटात ठेवलाय. अमावस्येला सोडतील. तोवर कड्यामागे माणसाचं पाऊल पडलं तर त्याला कायमचा ठेवून घेतील. ओळख पटायला त्याचा एखादा कपडा द्या, मी दाखवतो. फल्हाने अंगरखा दिला. कालही तो दिसला, आजही दिसला.

"म्हणजे काल दिवसभर कोणी शोधलंच नाही?"

"कशाला शोधायचं?" फल्हा हसत म्हणाली. असं हसू तिच्या तोंडावर नवरा गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. "कुठे आहे ते कळलं की."

बाहेर दुपारी दगडावर पोळी भाजावी असं ऊन, आणि पोराजवळ एक डबा पाणी. मी माझ्या मुलाला, मितलकला, बाजूला ओढलं. मितलक परदेशी पाहुण्यांचा तळ चालवतो. रात्रीचं आकाश टिपणारे कॅमेरेवाले वर्षानुवर्षं त्याच्याकडे उतरतात, त्यांच्या भाकऱ्या मीच थापते.

"तुला हे खरं वाटतं?"

"नाही वाटत, आई."

"मग तोंड कुठे ठेवलंयस?"

"पाहुणा आहे तो. आज सालिमच्या तंबूत, त्याच्याआधी ओदेहच्या, त्याच्याआधी आपल्या. तीन दिवस पाहुण्याला काही विचारायचं नसतं, हे तूच शिकवलंस."

आमच्यात तसंच आहे. तंबूत शिरला त्याला तीन दिवस खाऊ घालायचं, कुठून आलास, कशाला आलास, हे तोंडातून काढायचं नाही. बद्रानने ते बरोब्बर हेरलं होतं. तिसरा दिवस भरायच्या आत बिछाना उचलून तो शेजारच्या तंबूत जाई. आमच्या वस्तीत इतके तंबू आहेत की वर्षभर त्याला कोणी नाव गाव विचारलं नसतं.

"बरं," मी म्हणाले. "मी काही विचारत नाही."

मी सरळ बद्रानपुढे जाऊन बसले. "पाहुणेबुवा, माझा नवरा हमदान जाऊन आठ वर्षं झाली. तोही कड्यात असेल का?"

त्याने डोळे मिटले, ओठ हलवले. "आहे, आजी. तुमची वाटच बघतोय. त्याचा एखादा कपडा असेल तर..."

"असणारच. मी काही टाकत नाही." मी हमदानची उंटाच्या लोकरीची शाल आणवली. बद्रानने ती त्याच्या ड्रायव्हरला, नाजीला दिली. "हिला जरा धुरी दे," म्हणाला. नाजी शाल घेऊन गाडीकडे गेला. गोल पोटाचा माणूस, आमचीच बकरी खाऊन आणखी गोल झालेला.

"सगळ्यांनी डोळे झाका. आजी, तुम्हीसुद्धा. तुमची नजर तर फारच तेज आहे."

"हो, म्हातारपणी तेवढीच उरलीये."

सगळ्यांनी रुमाल ओढले. मी बुरखा ओढला, आणि त्याच्या आतून बघत राहिले. काळं कापड आणि काळी रात्र, माझे उघडे डोळे कोणाला दिसणार? गाडीच्या मागून शाल पांघरलेला नाजी निघाला, बोटं टेकत टेकत उंचवट्यावर चढला, आणि शालीच्या आतून छोटी बॅटरी स्वतःच्या छातीवर पाडून उभा राहिला. मी उठले. या वाळूत मी अनवाणी वाढले आहे, माझं पाऊल माझ्या बकऱ्यांनासुद्धा ऐकू येत नाही. मी मागून चढले आणि त्याचा कान पकडला.

हमदानचं भूत ओरडलं, "आई गं, मेलो!"

"तू तर मेलेलाच होतास," मी म्हणाले. "हलू नकोस. फोटो चाललाय." आणि त्याच्या हातातली बॅटरी माझ्या तोंडावर धरली.

लोकांनी रुमाल काढले. बद्रान बटणाकडे झेपावला, पण मितलकने त्याचं मनगट धरलं. तेवढी अक्कल देवाने वेळेवर दिली. "होऊ दे पुरा," तो म्हणाला. कॅमेरा आपला वेळ घेऊन खट् करून मिटला. मी कान सोडला, खाली उतरले, आणि मितलकने काच सगळ्यांपुढे धरली.

काचेत हमदानच्या शालीत एक धूसर ढेरपोट्या माणूस होता, त्याच्या छातीतून चांदण्या. शेजारी मी होते, त्याचा कान पकडलेली, आणि माझ्याही छातीतून चांदण्या.

"बघा," मी म्हणाले, "मी कधी मेले ते कोणी मला कळवलं नाही."

कोणी तरी हसलं.

मी त्यांना समजावलं, जसं मला एका कॅमेरेवाल्याने समजावलं होतं. चांदण्या अंधुक, म्हणून हा कॅमेरा भाकरी फुगायला लागतो तेवढा वेळ डोळा उघडा ठेवतो. तेवढ्यात माणूस आला, थोडा वेळ उभा राहिला, निघून गेला, तर तो अर्धाच उमटतो. उरलेला वेळ त्याच्या मागचं आकाश उमटतं. एकदा त्या कॅमेरेवाल्याला जेवायला ये म्हणून बडबडत मी त्याच्यापुढून गेले होते, तेव्हा मी अशीच भूत होऊन उमटले. तो पोट धरून हसला होता. जिन नाही, कडा नाही. तोंड धूसर कारण छातीवर बॅटरी आहे, तोंडावर नाही. अंगरखा ओळखीचा कारण तो तुम्हीच दिलात. आणि तुमचे डोळे झाकले कारण नाजी चालत येताना दिसला असता.

बद्रानने हात जोडले. "मी दाखवत नाही आजी, कडा दाखवतो."

"मग बकऱ्या कड्याला खाऊ घालायच्या होत्या. तू का गिळल्यास?"

पुरुष तोवर कंदील आणि पाणी घेऊन निघाले होते. कोणी आज्ञेची वाट बघितली नाही. फल्हा मात्र तिथेच बसून होती. "सुवेलिम कड्यात आहे," ती म्हणत होती. "तुम्ही त्याला घालवताय."

उजाडताना ते परतले. मितलक पुढे, आणि मागे चौघांनी धरलेलं घोंगडं. नाकाड्याच्या मागच्याच उतारावर सापडला, जिथे काल कोणी पाऊल टाकायचं नव्हतं. माग वाचायला आमच्या माणसांना कोणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे वारा रोज दुपारी येतो आणि वाळूवर सुरकुत्या पाडतो. सुवेलिमची पावलं कालच्या सुरकुत्यांच्या वरून गेली होती. म्हणजे काल संध्याकाळी तो चालत होता, कड्याकडेच येत होता. आधी पावलं, मग गुडघे, मग हात. पलीकडे आम्ही त्याच्या फोटोचे मुके घेत होतो.

फल्हाने तोंडावरचं कापड दूर केलं, बघितलं, परत झाकलं. मग मला म्हणाली, "फोटोत तो उभा होता. तुम्ही आडवा आणलात." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिच्या तंबूवरून मी जाते, ती पाठ फिरवते. फिरवू दे. तिला कोणावर तरी राग हवाय, आणि बद्रान तर निघून गेला. प्रेताला आंघोळ घालायच्या गडबडीत तो आणि नाजी गाडी काढून गेले, कोणी हात लावला नाही. पाहुणा होता ना.

आता वस्तीत म्हणतात, उम्म मितलकने, म्हणजे मितलकच्या आईने, मी, पाहुण्याची अब्रू घेतली, वाडवडिलांची रीत मोडली. मोडली. आणखी दोन दिवस आधी मोडायला मी घरी असते तर फल्हाला नातवंडं झाली असती. वाडवडिलांनी ती रीत तहानेने आलेल्या माणसासाठी केली होती. दुसऱ्याच्या तहानलेल्या पोराला शोधू नका म्हणणाऱ्यासाठी केली नव्हती. एवढा फरक कळायला शाळा लागत नाही. मलाही फारशी मिळाली नाही.

बद्रान कुठे तरी दुसऱ्या कड्यासमोर बसलेला असेलच. तुमच्याकडे आला तर भाकरी द्या, मी नको म्हणत नाही. पण जो तुम्हाला डोळे झाका म्हणतो, त्याच्यासमोर एकाने तरी ते उघडे ठेवावेत. आणि घरचं माणूस हरवलं असेल तर आधी पाणी घेऊन निघा. फोटो मागाहून बघता येतात. आमच्याकडे सुवेलिमचे दोन आहेत, आणि दोन्हींत नाजी आहे.